आधी ट्रंक, मग स्कॅनर

ट्रंक पत्र्याची. झाकणावर ऑइलपेंटने रंगवलेलं स्टुडिओचं नाव अर्धं पुसलेलं, पण खालचं ‘उस्मानाबाद’ अजून ठळक. मालकाने दुकान आवरलं तेव्हा भंगारवाला दारातच उभा होता. निगेटिव्हमध्ये चांदी असते हे भंगारवाल्यांना आपल्याआधी कळतं. काचेच्या प्लेटा असतील तर वरचा थर गरम पाण्याने खरवडायचा आणि तीच काच देवाच्या तसबिरीला बसवायची, हाही उद्योग आपल्याकडे पुष्कळ चालला आहे. ते टळावं म्हणून ट्रंक आमच्या ओसरीवर आली आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न सुरू झाला: स्कॅनर कुठला घ्यायचा?

प्रश्न बरोबर आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न ट्रंकेला विचारायचा असतो: तुझ्या पोटात काय काय आहे? फिल्म स्कॅन करण्याचं यंत्र घेताना लोक खोक्यावरचा मोठा आकडा बघतात आणि घरी आल्यावर कळतं, आपली निगेटिव्ह त्याच्या खिडकीत मावतच नाही.

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, मग ते तुळजापूर असो, परंडा असो की उमरगा, पन्नाससाठ वर्षं चाललेल्या स्टुडिओची ट्रंक उघडली, तर साधारण असे थर लागतात. अगदी तळाशी ‘हाफ प्लेट’, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच किंवा त्याच मापाची जाड फिल्म. लाकडी कॅमेरा, काळं कापड, मागे रंगवलेला पडदा, त्या काळातली. यात्रेच्या गावी देवीचं दर्शन झालं की नवी जोडपी थेट स्टुडिओत शिरायची, त्यांचे बसलेले-उभे फोटो याच मापात सापडतात. त्यावर १२० नंबरच्या रोलच्या चौकोनी निगेटिव्ह, नावाला सहा बाय सहा सेंटिमीटर, प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर. या याशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून आलेल्या असतात, नाहीतर बडोद्यात तयार होणाऱ्या ॲग्फा क्लिक थ्रीमधून. हा क्लिक थ्री एका रोलमध्ये बारा फोटो द्यायचा आणि मास्तर, तलाठी, ग्रामसेवक अशा हौशी मंडळींच्या गळ्यात असायचा. मग ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या: आधी कृष्णधवल, ऑर्वोच्या किंवा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’च्या, आणि १९८०नंतर हळूहळू रंगीत. मधूनच पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या चारदोन स्लाइड. आणि एखाद्या पाकिटात ‘हॉट शॉट’ कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या ११० नंबरच्या निगेटिव्ह, ज्यांची चौकट १३ बाय १७ मिलिमीटर. लग्नात मुंबईच्या पाहुण्याने काढलेले असणार.

म्हणजे एकाच ट्रंकेत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या निगेटिव्हमध्ये क्षेत्रफळाचा फरक जवळजवळ ९० पटींचा. सर्वोपयोगी स्कॅनर म्हणजे या दोन्ही टोकांना न डगमगणारा. बाकी सगळं नंतर.

इथेच अर्धा बाजार बाद होतो. छोटा स्क्रीन असलेले, निगेटिव्ह सरकवली की दोन सेकंदांत चित्र देणारे डबे मिळतात. आत मोबाइलसारखाच एक कॅमेरा असतो, फोकस कायमचा बांधलेला, फाइल फक्त जेपेग. रविवारची करमणूक म्हणून ठीक. दुसरे, फक्त ३५ मिलिमीटरसाठी बनवलेले स्कॅनर, उदाहरणार्थ प्लस्टेकचे बहुतेक ऑप्टिकफिल्म. त्यांचं काम खरोखर चांगलं असतं, पण हाफ प्लेट सोडा, १२०चा रोलही यात जात नाही. ज्यांच्याकडे वडिलांनी काढलेल्या फक्त ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या आहेत त्यांनी बिनधास्त हेच घ्यावं. तिसरे, निकॉनचे कूलस्कॅन. ९००० नंबरचा कूलस्कॅन ३५ मिलिमीटर आणि १२० दोन्ही करायचा आणि आजही त्याची आठवण काढून जाणकार उसासे टाकतात. पण तो बनणं थांबून दीड दशक होऊन गेलं, त्याची जोडणी फायरवायरची, आणि बिघडला तर सुटे भाग कुठून आणणार? जुनं घ्यायचंच असेल तर दुरुस्ती करणारा माणूस आधी शोधावा, यंत्र नंतर.

उरतो चपट्या काचेचा, झेरॉक्स मशिनसारखा दिसणारा फ्लॅटबेड. पण सगळे फ्लॅटबेड फिल्मच्या कामाचे नसतात. कागदाचा फोटो स्कॅन करताना उजेड खालून पडतो आणि कागदावरून परततो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणात दुसरा दिवा हवा. हा दिवा किती मोठा आहे, हे विचारणं फार महत्त्वाचं. एप्सनचा व्ही६०० घरगुती कामात अतिशय लोकप्रिय, ३५ मिलिमीटर आणि १२० आरामात करतो. पण त्याच्या झाकणातल्या दिव्याची पट्टी जेमतेम पावणेतीन इंच रुंद. त्यावर आपली हाफ प्लेट ठेवली तर नवरीचा चेहरा येईल आणि नवरा अंधारात राहील. त्याच कंपनीच्या व्ही८५०मध्ये दिवा आठ बाय दहा इंचांचा आहे. किमतीतला मोठा फरक बराचसा इथे आहे, पण तो खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला नसतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतो तो डीपीआयचा आकडा. ४८००, ६४००, ७२००. एका इंचात यंत्र किती ठिपके मोजतं, तो हा आकडा. मोजणं आणि दिसणं मात्र वेगवेगळं. भिंग मऊ असेल, फोकस जरा चुकलेला असेल, तर त्याच धूसर चित्राचे जास्त तुकडे होतात, इतकंच. स्वतंत्र चाचण्यांत व्ही६००च्या ६४००मधले खरे दीड हजारांच्या आसपास हाती लागतात, व्ही८५०चे सव्वादोन-अडीच हजार, आणि प्लस्टेकच्या ७२००चे सव्वातीन हजारांच्या घरात. ६४००ला स्कॅन केलेल्या एका ३५ मिलिमीटरच्या रंगीत चौकटीची पूर्ण खोलीची फाइल सव्वातीनशे एमबीच्या वर जाते. म्हणजे दुधात पाणी घालून वर हंडाही मोठा घ्यायचा.

घरच्या घरी पारख करता येते. एखादी कडक फोकसची निगेटिव्ह घ्या, ज्यात दुकानाची पाटी किंवा लुगड्याचे काठ स्पष्ट आहेत. २४००ला स्कॅन करा, मग ४८००ला. दोन्ही पडद्यावर सारख्या आकारात शेजारी ठेवा. दुसऱ्यात एखादं नवं अक्षर वाचता आलं, एखादा नवा धागा दिसला तर ४८००चा उपयोग आहे. नाही दिसला तर तुमच्या यंत्राची धाव २४००पर्यंतच, पुढे जाऊन वेळ आणि डिस्क घालवू नका.

आता थोडा हिशेब. ३५ मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६ची. खरे २४०० ठिपके मिळाले तर चित्र होतं २२६८ बाय ३४०२, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेलच्या जवळपास. साडेसात बाय अकरा इंचांचा उत्तम प्रिंट निघतो. त्याच २४००ला १२०ची चौकोनी निगेटिव्ह २८ मेगापिक्सेल देते. आणि हाफ प्लेट? ती नुसत्या १२००लाही ४४ मेगापिक्सेल देऊन जाते. जितकी निगेटिव्ह मोठी, तितकी यंत्राकडून अपेक्षा कमी. आजोबांच्या लाकडी कॅमेऱ्याने काम आधीच करून ठेवलेलं असतं. डीपीआयची खरी चणचण ३५ मिलिमीटरला आणि त्याहून ११०ला. त्या ११०मध्ये मुळातच तपशील इतका कमी असतो की तिच्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा असतो ‘डी-मॅक्स’चा, ३.४ किंवा ४.० असा. फिल्मचा जो भाग सर्वांत काळा, त्यातून उजेड किती कमी जातो याचं हे माप. घनता १ म्हणजे उजेडाचा दहावा हिस्सा पलीकडे जातो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा, ४ म्हणजे दहा हजारावा. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, पांढरं ते काळं. चैत्रातल्या भर उन्हात पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि पांढरा पटका घालून उभा राहिलेला शेतकरी निगेटिव्हमध्ये कोळशासारखा दिसतो. हलका स्कॅनर त्या काळ्यात शिरू शकत नाही, मग धोतराच्या निऱ्या जाऊन चित्रात नुसतं पांढरं ठिगळ उरतं. तरीही या आकड्याने घाबरून जायचं कारण नाही. नीट धुतलेली कृष्णधवल निगेटिव्ह सहसा २च्या थोडीफार पलीकडे जाते, इतकंच. ३.४चा दावा करणारं यंत्रही तिला पुरतं. खरी परीक्षा स्लाइडची, तिच्या सावल्या फार दाट असतात. ट्रंकेत स्लाइड चारच असतील तर त्या चारांसाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, बाहेरून करून आणाव्यात.

धुळीबद्दल मात्र मनापासून लिहायला हवं, कारण आपल्याकडचा फुपाटा स्कॅनर बनवणाऱ्यांनी पाहिलेला नाही. त्यांनी काढलेला उपाय असा: साध्या उजेडाबरोबर एक फेरी इन्फ्रारेड उजेडाची करायची. रंगीत निगेटिव्हमध्ये चित्र शेवटी रंगद्रव्याचं बनलेलं असतं, धुताना चांदी निघून जाते. ही रंगद्रव्यं इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात. त्यामुळे इन्फ्रारेडच्या फेरीत चित्र दिसतच नाही, दिसतात फक्त धुळीचे कण, केस आणि ओरखडे. मग संगणक नेमके तेवढेच डाग बुजवतो. हे पहिल्यांदा बघितलं की जादू वाटते.

पण कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र म्हणजेच चांदी, आणि चांदी इन्फ्रारेडला अडवते. यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. चुकून ही सोय चालू राहिली तर आजीच्या डोळ्यातली चमक किंवा मंगळसूत्राची वाटी ‘साफ’ होऊन जाते. कोडॅक्रोम स्लाइडवरही ही युक्ती धड चालत नाही. म्हणून विकणारा इन्फ्रारेडचं कौतुक करू लागला की त्याला आपल्या ट्रंकेतलं प्रमाण सांगावं. माझ्या अंदाजाने अशा स्टुडिओच्या ट्रंकेत दहातल्या सात निगेटिव्ह कृष्णधवल. त्यांच्यासाठी उपाय एकच: रबरी फुग्याचा ब्लोअर, मऊ ब्रश आणि वेळ. मी स्वतः हे काम पावसाळ्यात, पहिल्या दोन सरींनंतर हवा धुतली गेली की करतो. फरशी ओल्या फडक्याने पुसायची, पंखा बंद करायचा आणि घामाचा थेंब काचेवर पडू द्यायचा नाही. तोंडाने फुंकर मारणं सर्वांत वाईट, थुंकीचा डाग जिलेटिनवर कायमचा बसतो.

पुसण्याबद्दल एक इशारा. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हवरच रीटचिंग करायचे. टोक काढलेल्या पेन्सिलीने देवीचे वण, डोळ्याखालची काळी वर्तुळं बुजवायचे. चेहरा उजळ यावा म्हणून लालसर रंग पातळ करून ब्रशने लावायचे. निगेटिव्ह तिरकी धरली की गालावर बारीक रेघांची जाळी चमकते ती हीच. उत्साहाच्या भरात स्पिरिटच्या बोळ्याने सगळं पुसाल तर एका कारागिराचा तासाभराचा हात पुसून जाईल, आणि ज्या बाईने तेव्हा पैसे देऊन वण झाकून घेतले तिचे वण चाळीस वर्षांनी उघडे पडतील.

होल्डर, म्हणजे निगेटिव्ह धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चौकट, ही दुकानात कुणी बघत नाही. मी आधी तीच मागतो. पत्र्याखाली चाळीस उन्हाळे काढलेली पट्टी गवताच्या पात्यासारखी वळलेली असते. होल्डर तिला सपाट धरत नसेल तर मध्यभाग फोकसमध्ये आणि कडा धूसर. थेट काचेवर टेकवली तर फिल्म आणि काच यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरामुळे इंद्रधनुषी वलयं उमटतात, त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात. ती टाळायला खास खरखरीत काच मिळते. शिवाय फ्लॅटबेडचं भिंग काचेच्या किंचित वर बघत असतं. नेमकं किती वर, हे प्रत्येक नगाचं थोडं वेगळं, म्हणून होल्डरची उंची कमीजास्त करता येणं ही चैन नसून गरज आहे. व्ही८५०च्या होल्डरला तशी सोय आहे, व्ही६००च्या नाही. तिथे लोक कागदाच्या घड्या घालून भागवतात. हाफ प्लेटला होल्डर मिळत नाही. तिच्या चार कोपऱ्यांखाली जाड कागदाच्या चकत्या ठेवून ती काचेपासून अलग ठेवावी. तडा गेलेली काच तर स्कॅनरवर घालूच नये.

तिच्यासाठी दुसरा रस्ता आहे: कॅमेरा. चांगला मॅक्रो भिंगाचा डिजिटल कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवायचा, खाली सपाट पांढरा दिवा, वर निगेटिव्ह, आणि एक क्लिक. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा ३५ मिलिमीटरची चौकट पूर्ण आकारात टिपतो तेव्हा इंचाला ४२००हून जास्त ठिपके मिळतात, कुठल्याही घरगुती फ्लॅटबेडपेक्षा सरस. आपल्या प्रत्येक गावात लग्नाची शूटिंग करणाऱ्या पोराकडे असा कॅमेरा असतो. नसतं ते मॅक्रो भिंग आणि धीर. कॅमेरा आणि निगेटिव्ह अगदी समांतर हवेत. त्यासाठी दिव्यावर छोटा आरसा ठेवायचा आणि भिंगाचं प्रतिबिंब बरोबर चित्राच्या मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा सरकवायचा. दिवाही बरा हवा, स्वस्त एलईडीत काही रंग मुळातच कमी असतात आणि रंगीत निगेटिव्हच्या नारिंगी मुखवट्यातून खरे रंग काढताना ते जाणवतं.

मग फ्लॅटबेड की कॅमेरा? वेळेचा हिशेब करा. समजा ट्रंकेत ३,००० चौकटी आहेत. फ्लॅटबेडला चौकटीमागे दोन मिनिटं धरली तरी शंभर तास. रोज दोन तास बसलात आणि लाइट गेली नाही तर पन्नास दिवस. कॅमेऱ्याने ते काम आठवडाभरात उरकतं, पण प्रत्येक चित्र उलटं करणं, कापणं, रंग जुळवणं हे नंतर संगणकावर करावंच लागतं. म्हणून सगळ्या ट्रंकेला एकच माप लावू नये. आधी दिव्यावर पट्ट्या ठेवून मोबाइलमधली रंग उलटे करण्याची सोय चालू करून नुसतं बघावं. तीन हजारांतले दोन हजार पासपोर्टचे चेहरे असतील. त्यांची नोंद पुरे. उरलेल्या हजारावर जीव ओतावा.

आणि घाई कुठे करायची ते नाक सांगतं. १९२०-३०नंतर हळूहळू पसरलेली ‘सेफ्टी’ फिल्म सहजासहजी पेट घेत नाही म्हणून सुरक्षित. तिच्या कडेला तसं छापलेलंही असतं. पण तिचा ॲसिटेटचा पाया उष्ण, दमट हवेत मोडू लागतो आणि त्यातून व्हिनेगरचा आंबूस वास सुटतो. हा रोग कोडॅक कंपनीला सर्वांत आधी कळवला तो भारत सरकारने, इथल्या गरम गोदामांतल्या फिल्मवरून. तो वास एका पाकिटाला येत असेल तर ते पाकीट लगेच वेगळं काढा आणि आधी स्कॅन करा. त्या वाफा शेजारच्यांनाही बिघडवतात.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की मी ३० सप्टेंबर १९९३ची आठवण देतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यातली दगडामातीची माळवदं माणसांवर कोसळली. घराबरोबर भिंतीवरच्या तसबिरी आणि पेटीतले अल्बमही गेले. त्या गावांतल्या लग्नांचे फोटो काढायला फोटोग्राफर बाहेरूनच जायचे, आणि निगेटिव्ह बाजारच्या गावी त्यांच्या दुकानात राहायच्या. एखाद्या कुटुंबाचा एकमेव चेहरा आज असा कुठल्यातरी ट्रंकेत पडून असू शकतो. प्रिंट घराबरोबर जातो, निगेटिव्ह दुकानात उरते. मोठ्या संस्थांनी हे कधीच ओळखलं आहे: निजामाच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९मध्ये घेऊन ठेवल्या. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा विटांचा गजपृष्ठ आकार शतकापूर्वी कसा होता, हे हेन्री कझिन्सने केलेल्या पाहणीमुळे पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३च्या अहवालात बघायला मिळतं. तालुक्याच्या स्टुडिओला मात्र ना दरबार, ना खातं.

स्कॅन करताना फसगत होते ती डावी-उजवीची. फिल्मची एक बाजू चकचकीत, दुसरी मंद, थराची. ती उलटी पडली तर सगळं गाव आरशातलं होतं. कडेची अक्षरं सरळ वाचता आली तर बरोबर. काचेच्या प्लेटवर अक्षरंच नसतात. तिथे मी नथ बघतो. मराठी बाईची नथ डाव्या नाकपुडीत. ती उजव्या नाकपुडीत दिसली की प्लेट पालथी आहे.

सेव्ह करताना १६ बिटची टिफ फाइल मूळ म्हणून ठेवावी, जेपेग वाटण्यासाठी. स्कॅनरबरोबर येणारं सॉफ्टवेअर कामापुरतं असतं. जुन्या यंत्राला नवा संगणक ओळखत नसेल तर व्ह्यूस्कॅन बहुतेक वेळा ओळख पटवून देतं.

आणि फ्लॅटबेडची एक बाजू राहिलीच, जिच्यामुळे मी शेवटी त्याच्याच पारड्यात वजन टाकतो. तो कागदही स्कॅन करतो. निगेटिव्ह ज्या पिवळ्या पाकिटात असते त्या पाकिटावर नाव, गाव, तारीख, मापं लिहिलेली असतात, आणि निगेटिव्ह नव्या पिशवीत टाकली की ते पाकीट पहिल्यांदा केरात जातं. मी दोन्ही एकाच नंबराने स्कॅन करतो: आधी चेहरा, मग पाकीट. परवाच्या एकावर निळ्या शाईत होतं: ‘मुलगी दाखवण्याचा. कॉपी ३. शुक्रवारी पाहुणे येणार, गुरुवारी देणे. बाकी ४ रु.’ बाकीसमोर जमेची टीक मात्र कुठेच नव्हती.